‘तो हा दे गं’

मराठी घरात दिवसभर ‘हे’ चालू असतं. ‘ते हे आणलंस का?’, ‘त्यांच्याकडे परवा हे आहे ना?’, ‘आधी हे कर, मग जेवायला बस.’ ऐकणाऱ्याला त्यातून विजेचं बिल कळतं, साखरपुडा कळतो, आंघोळ कळते. पूर्वी बायका नवऱ्याचा उल्लेखसुद्धा ‘हे’ असाच करत. नेमका शब्द नसला तरी चालवून घेण्याची ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे, की घरातल्या एखाद्या माणसाला खरोखरच शब्द सुचेनासे झाले तरी ते उशिरा लक्षात येतं.

माझ्या आईचं उशिरा लक्षात आलं नाही, कारण तिचे शब्द एका सकाळीत गेले. आम्ही चेन्नईच्या शोळिंगनल्लूरला राहतो. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर इन्फोसिस, विप्रो, एचसीएल यांची संकुलं आणि एल्कॉटचं सेझ आहे. नोकरीसाठी इथे आलेल्या मराठी कुटुंबांत एक गोष्ट सारखी घडते. आईवडील ‘दोन-चार महिने’ म्हणून येतात, आणि नातवंडांच्या शाळेमुळे किंवा स्वतःच्या गुडघ्यांमुळे इथेच राहतात. आई सातारा जिल्ह्यातली, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. त्या दिवशी ती पुऱ्या तळत होती. मला म्हणाली, ‘‘अगं, तो... तो हा दे गं... भोकांचा.’’ मी पळी दिली. तिने मान हलवली. मग तिच्याच तोंडून ‘उलथनं’ आलं आणि लगेच ‘नाही, नाही’ आलं. उजव्या हाताने ती हवेतच काहीतरी निथळवत होती, आणि तो हात हळूहळू खाली येत होता.

तिला झारा हवा होता.

अचानक शब्द अडले, वेडेवाकडे यायला लागले किंवा समोरच्याचं बोलणं कळेनासं झालं, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. हातपाय धड असले तरीही. ‘दमली असेल, थोडी झोपू दे’ म्हणण्यात वेळ जातो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. काही रुग्णांत नळीवाटे गुठळी काढण्याचा उपाय २४ तासांपर्यंत करता येतो, पण त्यातही जितकं लवकर तितकं बरं. १०८ क्रमांक तमिळनाडूतही चालतो आणि महाराष्ट्रातही. आम्ही वेळेत पोचलो. हात बराचसा परत आला, शब्द आले नाहीत.

या अवस्थेला मराठीत वाचाघात म्हणतात, इंग्रजी डॉक्टरी भाषेत अफेझिया. पक्षाघात झालेल्यांपैकी ढोबळमानाने तिघांतल्या एकाला तो होतो. त्याचे प्रकार अनेक आहेत. कुणाला समजतं पण बोलता येत नाही, कुणी भडाभडा बोलतं पण त्यात अर्थ नसतो. या सगळ्या प्रकारांत हमखास आढळणारी एकच तक्रार म्हणजे हवा तो शब्द हवा तेव्हा न सापडणं. तिला अनोमिया म्हणतात. मेंदूच्या डाव्या बाजूच्या भाषेच्या जाळ्यात जवळपास कुठेही इजा झाली तरी ती होते. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी ज्याच्या मेंदूची तपासणी केली, तो लेबोर्न नावाचा रुग्ण ‘टॅन’ एवढंच म्हणू शकत असे. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी दुसरी जागा दाखवली. तेव्हापासून वाचेची केंद्रं नकाशावर मांडण्याची चढाओढ सुरू झाली. आज मेंदूकडे सुट्या केंद्रांपेक्षा जोडलेल्या वाटांचं जाळं म्हणून पाहिलं जातं, आणि शब्दांची अडचण समजून घ्यायला हेच चित्र उपयोगी पडतं.

शब्द तोंडातून निघण्याआधी तीन टप्पे होतात, असं ढोबळपणे समजावं. आधी वस्तूचा अर्थ जागा होतो: तळण काढायचं साधन. मग त्या अर्थाला जोडलेला शब्द निवडला जातो. मग त्या शब्दाचे आवाज जुळवले जातात. वाट कोणत्या टप्प्यावर तुटली आहे, ते चुका सांगतात. झाऱ्याऐवजी ‘उलथनं’ आलं, तर अर्थाच्या शेजारचं घर उघडलं. ‘पोळपाट’चं ‘लोपाट’ झालं, तर शब्द सापडला पण आवाज विस्कटले. ‘ते पोळी लाटायचं, लाकडाचं’ असं वर्णन आलं, तर अर्थ शाबूत आहे आणि पुढचं दार बंद आहे. आणि ‘झा’ एवढं म्हणताच ‘झारा’ आला, तर शब्द आत आहे हे नक्की.

आईला ‘झा’ पुरलं. रुग्णालयातल्या चौथ्या दिवशी मी तिच्या कानाशी ‘झा’ म्हटलं आणि तिने पूर्ण शब्द उच्चारला. दोघीही रडलो.

नंतर वाचताना मला एक गोष्ट कळली आणि त्या सकाळबद्दल वाईट वाटलं. १९९५ मध्ये इटलीतल्या एका रुग्णावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. त्याला शब्द आठवत नसे, त्यातला एक आवाजही सांगता येत नसे, पण तो शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हे तो अचूक सांगे. म्हणजे शब्दाचं व्याकरण एका ठिकाणी हाती लागतं आणि त्याचे आवाज दुसऱ्या ठिकाणी. आता आईचं वाक्य पुन्हा वाचा: ‘तो हा दे गं.’ पळी ती, उलथनं ते, झारा तो. माझ्या आईने मला शब्दाचं लिंग सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. आपल्या भाषेत तीन लिंगं आहेत. अडलेल्या माणसाच्या ‘मोठी... ती...’ किंवा ‘तुटलंय... ते...’ यात अर्धा पत्ता लिहिलेला असू शकतो. प्रत्येक रुग्णाला हे जमेल असं नाही, पण मराठी घरातल्या माणसाने कान द्यावा असं हे पहिलं ठिकाण आहे.

घरच्यांचा गोंधळ उडवणारी आणखी एक गोष्ट. ज्या आईला ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं, तिने संध्याकाळी रामरक्षा अखंड म्हटली. तेराचा पाढाही म्हटला. भाऊ फोनवर म्हणाला, ‘‘अगं, मग येतंय की बोलता!’’ काही घरांत याचा अर्थ ‘नाटक करते आहे’ इथपर्यंत जातो, आणि ते फार क्रूर आहे. पाठांतर, आरती, वार, अंक, शिव्या हे साखळीने येणारं बोलणं आहे. एक कडी पुढची कडी ओढते, शब्द शोधावा लागत नाही. ‘मला पाणी हवं’ म्हणताना प्रत्येक शब्द नव्याने शोधावा लागतो. सुराच्या आधाराने बोलणं परत आणण्याची पद्धत अमेरिकेत १९७३ मध्ये मांडली गेली. ज्यांना समजतं पण बोलणं अगदी तुटक येतं, अशा काहींना ती उपयोगी पडते. पण नुसती भजनं लावून ठेवल्याने संभाषण परत येत नाही.

उपचारांचं काय, हा खरा प्रश्न. आम्हाला एका ठिकाणी तीन महिन्यांनी सांगितलं गेलं की ‘जेवढं यायचं तेवढं आलं, आता घरी बोलत राहा.’ हे वाक्य अनेक घरांनी ऐकलं असेल. ते खरं नाही. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते हे बरोबर, पण तिथे दार बंद होत नाही. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या जर्मनीतल्या चाचणीत पक्षाघात होऊन किमान सहा महिने झालेल्या १५६ जणांचा अभ्यास होता. तीन आठवडे, आठवड्याला निदान दहा तास उपचार घेतल्यावर त्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. नुसतं थांबून राहिलेल्यांचं सुधारलं नाही. २०१६ च्या कॉक्रन आढाव्यात ५७ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या, आणि वाचा-उपचारांचा फायदा होतो हाच निष्कर्ष निघाला. थकवा येतो, काहींना जास्त तास झेपत नाहीत, हेही त्यात दिसलं. आपल्याकडे मात्र आठवड्यातून एकदा अर्धा तास बसायचं, आणि दोन महिन्यांनी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून द्यायचं, असं चालतं. इतक्या थोड्या मात्रेचं औषध लागू पडलं नाही म्हणून औषधालाच नावं ठेवणं योग्य नाही. खात्रीने शब्द परत आणणारी गोळी आजतागायत नाही. डोक्याला सौम्य वीजप्रवाह देण्याचे प्रयोग चालू आहेत, पण ते अजून प्रयोगच आहेत.

आईच्या वाचा-उपचारतज्ज्ञ तरुण होत्या, मातृभाषा तमिळ. पहिल्याच दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितलं, ‘‘पद्धत माझ्याकडे आहे, भाषा तुमच्याकडे. शब्द तुम्ही आणा.’’ असं म्हणायला धीर लागतो.

त्यांची एक पद्धत अर्थाच्या बाजूने जाते. कागदाच्या मधोमध वस्तूचं चित्र, भोवती सहा चौकोन: ही कशातली वस्तू, कशासाठी, काय करते, दिसते कशी, असते कुठे, आठवण कशाची होते. आईने झाऱ्याचा कागद भरला तो असा: स्वयंपाकातलं, तळण काढायला, तेल निथळतं, भोकं आणि लांब दांडा, कढईपाशी, दिवाळीच्या चकल्या. ‘चकल्या’ हा शब्द आला आणि त्याच्या मागोमाग ‘झारा’ आला. शब्द आला नाही तरी हा कागद वाया जात नाही, कारण अडल्यावर वर्णन कसं करायचं याची सवय लागते आणि समोरच्याला ओळखता येतं. १९९५ मध्ये बॉइल आणि कोएल्हो यांनी ही पद्धत वाचाघातासाठी वापरून दाखवली आणि आज ती जगभर वापरली जाते. दुसरी वाट आवाजाची: पहिला आवाज कोणता, अक्षरं किती, यमक कशाशी जुळतं. इथे आमची लिपी मदतीला आली. झा-रा, दोन अक्षरं. आई आयुष्यभर फळ्यावर लिहीत आली होती. ती डाव्या हाताच्या बोटाने हवेत ‘झा’ गिरवायची आणि शब्द तोंडात यायचा.

यमकावर नाव आणायची कला आपल्याकडे शिकवावी लागत नाही. उखाणा म्हणजे दुसरं काय आहे? अंताक्षरी म्हणजे पहिल्या आवाजावरून शब्दापर्यंत जाणं, आणि ‘आधी पोटोबा, मग...’ एवढं म्हणून थांबलं की उरलेला शब्द आपोआप ओठांवर येतो. हे खेळ आमच्या तज्ज्ञांनी रीतसर सरावात घेतले. मदतीची पायरी मात्र ठरलेली हवी. आधी थांबायचं, निदान दहा सेकंद. मग वर्णन विचारायचं, मग पहिला आवाज द्यायचा, मग वाक्य अर्धं सोडायचं, आणि सगळ्यात शेवटी पूर्ण शब्द सांगून तिच्याकडून म्हणवून घ्यायचा. आपण नेमकं उलटं करतो: पहिल्याच सेकंदाला शब्द हातात ठेवतो. नाहीतर दुसऱ्या टोकाला जाऊन पाहुण्यांसमोर ‘आई, हे काय गं? सांग ना, काय म्हणतात याला?’ अशी परीक्षा घेतो. या दोन्ही सवयी आधी मला स्वतःला सोडाव्या लागल्या.

आता या सगळ्या संशोधनातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते. सरावात घेतलेले शब्द सुधारतात. न घेतलेले फार थोडे सुधारतात. ब्रिटनमध्ये २७८ रुग्णांना घेऊन झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे स्वच्छ दिसलं. घरी संगणकावर सराव करणाऱ्यांचे निवडलेले शब्द चांगले परत आले, संभाषण मात्र तेवढ्याने सुधारलं नाही. यातून दोन गोष्टी निघतात. शब्द कुणाचे निवडायचे, याला अतोनात महत्त्व आहे. आणि ते शब्द खऱ्या बोलण्यात वापरायला माणसं हवीत.

शब्द कुणाचे? १९८३ ची बॉस्टन नेमिंग टेस्ट जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या चाचण्यांपैकी एक. साठ चित्रं. त्यात इग्लू आहे, बीव्हर आहे, प्रेट्झेल आहे. सातारच्या शिक्षिकेने बीव्हर ओळखला नाही तर त्यावरून तिच्या मेंदूबद्दल काय कळणार? बाजारात मिळणाऱ्या चित्रांच्या कार्डांची गत तीच. म्हणून आम्ही यादी घरात केली. झारा, विळी, सांडशी, पोळपाट, परात, बाम, चष्मा, देवघर, नातवंडांची नावं, ‘दुखतंय’, ‘नको’, ‘थांब’, ‘मला सांगू दे’. क्रियापदं मुद्दाम घेतली, कारण मराठीत ‘फोन करणे, आंघोळ करणे, फोडणी करणे’ असं ‘करणे’वर भागवता येतं, आणि मग ओतणे, निवडणे, वाळत घालणे, उसवणे हे शब्द मागे पडत जातात. फोटो आमच्याच स्वयंपाकघरातले काढले. चित्रातल्या कुठल्याशा विळीपेक्षा स्वतःच्या विळीचं नाव लवकर आलं.

या घरात आणखी एक भाषा होती. कामाला येणाऱ्या बाईंना आम्ही इथल्या रीतीने अक्का म्हणतो. अक्का हा शब्द मराठी आणि तमिळ दोन्हींचा, आणि आईच्या तोंडून न अडता आलेल्या पहिल्या हाकांपैकी तो एक. अक्का विळी हातात घेऊन ‘अरिवाळ्मणै’ म्हणायच्या, आई हसून मान हलवायची आणि ‘विळी’ म्हणायची. शिक्षिकेला विद्यार्थी मिळाला. त्या अर्ध्या तासात आई जितकं बोलायची तितकं माझ्याशीही बोलत नसे, कारण माझ्यासमोर चुकण्याची तिला लाज वाटे आणि अक्कांसमोर वाटत नसे.

अनेक भाषा बोलणाऱ्याची कोणती भाषा आधी परत येते? १८८१ मध्ये रिबो या अभ्यासकांनी म्हटलं, जी आधी शिकली ती. १८९५ मध्ये पित्र यांनी म्हटलं, जी जास्त वापरात होती ती. पुढच्या शंभर वर्षांत दिसलं ते असं की बहुतेकांच्या सगळ्या भाषा कमी-अधिक बरोबरीनेच परततात. काहींच्या मात्र अजब रीतीने, एक आली आणि एक गेली अशा. एका भाषेतला सराव दुसरीत झिरपतो का, याची उत्तरं संमिश्र आहेत. म्हणून केसपेपरवरच्या ‘मातृभाषा’ या एका रकान्यावर थांबून चालत नाही. चेन्नईत तंजावरी मराठी घरं आहेत. सतराव्या शतकापासून तमिळ देशात राहूनही ती घरी मराठी बोलतात, पण लिहिणं-वाचणं तमिळ किंवा इंग्रजीत करतात. त्यांच्या आजीला पुण्याची पुस्तकी मराठी कार्डं देऊन उपयोग नाही, आणि फक्त तमिळ कार्डं देऊनही नाही. ती घरात कोणाशी, कशाबद्दल, कोणत्या भाषेत बोलायची, ते विचारायला हवं.

बहुभाषिकपणामुळे नुकसान झालं असेल, ही भीती मात्र मनातून काढावी. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. झटक्यानंतर बुद्धीची कामं शाबूत राहिलेल्यांचं प्रमाण एकभाषिकांत १९.६ टक्के आणि बहुभाषिकांत ४०.५ टक्के होतं. वाचाघाताचं प्रमाण दोघांत जवळपास सारखंच होतं. भाषा जास्त असल्याने वाचा वाचत नाही, पण बिघडतही नाही.

मुलांच्या बाबतीत हे अधिक जोराने सांगायला हवं. आमच्या संकुलातली मुलं घरी मराठी, शाळेत इंग्रजी, खाली खेळताना तमिळ आणि पडद्यावर हिंदी ऐकतात. त्यांच्यापैकी एखादं अडखळलं, ‘ते हे’ करायला लागलं, की ‘घरात फक्त इंग्रजी बोला’ हा सल्ला मिळतो. भाषाविकासाचा विकार साधारण सात टक्के मुलांत आढळतो आणि त्यातल्या अनेकांना शब्द सापडत नाहीत. पण तो असेल तर मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो. फक्त इंग्रजीत अडखळणाऱ्या मुलाला विकार नाही, त्याला इंग्रजीची सवय कमी आहे. आणि विकार असलेल्या मुलाची घरची भाषा काढून घेतली, तर आजीशी बोलायची वाट जाते आणि विकार तिथेच राहतो.

शब्द हळूहळू जात असतील तर विचार वेगळा. वयानुसार नावं जिभेवर अडणं आणि तासाभराने आपोआप आठवणं, हे आपल्या सगळ्यांचं होतं; त्याला घाबरू नये. रोजच्या वस्तूंची नावं महिन्यामहिन्याने कमी होऊ लागली, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवावं. मार्सेल मेसुलम यांनी १९८२ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं, ज्यांची स्मृती बराच काळ ठीक राहते आणि वाचाच हळूहळू झिजते. ब्रूस विलिस या नटामुळे अफेझिया हे नाव २०२२ पासून घरोघरी पोचलं. वाचेच्या या झिजेच्या एका प्रकारात ‘झा’ सांगून उपयोग होत नाही, कारण झारा म्हणजे काय हेच पुसलं जात असतं. तिथे उद्दिष्टही वेगळं असतं: गरजेचे शब्द जमेल तितके दिवस टिकवणं, आणि चित्रांची वही आधीच हाती देणं.

कुठे जायचं? शोळिंगनल्लूरच्या दक्षिणेला, मुट्टुकाडूला, बहुविकलांगांसाठीची राष्ट्रीय संस्था २००५ पासून आहे. पोरूरच्या श्री रामचंद्र संस्थेत वाचा-श्रवणाचा विभाग आहे. मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ ची, मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ ची. मुंबईच्याच नायर रुग्णालयात आणि पुण्याच्या भारती विद्यापीठात वाचा-उपचारांचं शिक्षण दिलं जातं. तज्ज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, ते विचारायला संकोच करू नये. आणखी एक, जे बहुतेक घरांना कुणी सांगत नाही: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ‘वाचा आणि भाषा दिव्यांगत्व’ आहे, आणि त्याच्या व्याख्येत वाचाघाताचं नाव घेतलेलं आहे. कायमची अडचण राहिली तर प्रमाणपत्र मागता येतं.

आई आज बोलते. लांब वाक्यं नाहीत, अडते, चिडते, थांब म्हणते. आम्ही थांबतो. तिची यादी दीडशेच्या पुढे गेली आहे, आणि दर रविवारी तिलाच विचारून त्यात दोन शब्द घालतो.

पुण्या-मुंबईच्या वाचा-उपचारतज्ज्ञांना माझी एक विनंती आहे. चेन्नई, हैदराबाद, बेंगळुरूत मराठी आजी-आजोबा फार आहेत, आणि त्यांच्या शहरात मराठी बोलणारा तज्ज्ञ मिळणं कठीण आहे. आठवड्यातला एक तास व्हिडिओ कॉलवर अशा एका घरासाठी ठेवा, तिथल्या तमिळ किंवा तेलुगू तज्ज्ञाला सोबत घ्या, आणि आपली मराठी चित्रकार्डं एकमेकांना मोकळेपणाने द्या.